जपानला शिकवायला जायचंय, पण अडीच लाख कशाचे?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी इंग्रजी घेऊन एम.ए. झाली आहे. तिला जपानमध्ये इंग्रजी शिकवायला जायचंय. तिथल्या सरकारी शाळेत नोकरी लावून देतो म्हणून एक एजंट अडीच लाख मागतोय आणि त्यासाठी तुम्ही बँकेतली ठेव मोडायला निघालात. यापलीकडे आणखी काय खर्च निघेल, असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगतो, ठेव आत्ता मोडू नका.

मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, हे तुम्ही पत्रात ओघात लिहिलंय. खरी मेख तिथेच आहे. जपानमधल्या सरकारी शाळेत परकी भाषा शिकवायला जो व्हिसा लागतो, त्यासाठी त्या भाषेतून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. अकरावीपासून एम.ए.पर्यंत मोजलं तरी तिची 7 वर्षंच भरतात. एजंटाला हे ठाऊक नसेल तर त्याला या कामातलं कळत नाही. ठाऊक असून त्याने सांगितलं नसेल, तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. मुलीत काही कमी आहे असं मात्र मनात आणू नका. मराठी शाळेतून येऊन तिने इंग्रजीत एम.ए. केलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तिच्यासाठी उरतात ते इंग्रजी संभाषणाचे खासगी वर्ग, तिकडे त्यांना एइकाइवा म्हणतात. त्यांचा व्हिसा वेगळा असतो आणि त्यात मुख्यतः पदवी पाहतात. मात्र इंग्रजीवर पकड असल्याचा पुरावा संस्था मागू शकते. त्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची झाली तर साधारण 18,000 रुपये लागतात, म्हणून संस्थेने मागितल्याशिवाय फॉर्म भरू नका. पासपोर्टचे 1,500, पोलीस पडताळणीच्या दाखल्याचे 500, पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, लागलंच तर त्याचे थोडे. भारतातला कागदोपत्री खर्च एवढाच.

एजंटाबद्दल कायदा स्पष्ट आहे. तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत हवा, आणि उमेदवाराकडून 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेऊ शकत नाही. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. जपानच्या कायद्यातही, मोजके अपवाद सोडले तर, नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला मनाई आहे.

पैसा लागतो तो तिकडे उतरल्यावर, आणि त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. विमानभाडं खासगी संस्था बहुधा देत नाहीत. भाड्याचं घर घेताना अनामत रक्कम लागते, शिवाय 'रेइकिन' म्हणून घरमालकाला एक रक्कम द्यावी लागते, ती परत मिळत नाही. सगळेच मालक ती घेत नाहीत, त्यामुळे रेइकिन नसलेलं घर शोधायला तिला सांगा. त्यावर दलाली, भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीचं शुल्क, आगीचा विमा आणि पहिल्या महिन्याचं भाडं. हे सगळं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढं होतं. लहान शहरात 50,000 येन भाडं धरलं तरी दोन-अडीच लाख येन, म्हणजे आपले सव्वा लाखाच्या आसपास. घर बहुतेकदा रिकामं मिळतं. गॅसची शेगडी आणि दिवेसुद्धा आपणच आणायचे. पहिला पगार अनेकदा पुढच्या महिन्याच्या अखेरीस होतो, तोवरचं खाणंपिणं आणि प्रवास पदरचाच. तिकीट धरून बेरीज केलीत तर साधारण अडीच लाखच होतात. एजंटाला देऊन टाकलेत तर मुलगी रिकाम्या हाताने तिथे उतरेल.

संस्था राहायची सोय करत असेल तर हा आकडा निम्म्यावर येतो. मुलाखतीत तिने हे जरूर विचारावं: घर कोण देणार, भाडं पगारातून कापणार का, पहिला पगार कोणत्या तारखेला. उत्तरं ईमेलवर मागून घ्यायची. आणखी एक, निवासकर, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला द्यायचा कर, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी तो बहुधा जाणवत नाही आणि दुसऱ्या वर्षी जूनपासून हातात येणारा पगार कमी होतो. घरी पैसे पाठवायचं तिने ठरवलं असेल, तर तो हिशेब दुसऱ्या वर्षीच्या पगारावर मांडा.