"मी तिथे जाऊन नेमकं काय करणार?" : मिशन ट्रिपला निघणाऱ्यांची एक नेहमीची भीती

"मॅडम, मी लायकच नाहीये, दोन-तीन आठवड्यांत मी तिथे जाऊन काय दिवे लावणार?" हे वाक्य मी म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणांकडून ऐकलंय. चर्चतर्फे सेवेच्या कामाला कुणी केनियाला निघालेलं असतं, कुणी श्रीलंकेला, कुणी नेपाळला. तिकीट झालेलं असतं, चर्चमध्ये सगळ्यांसमोर नाव वाचून झालेलं असतं, दुबईच्या काकांनी पैसे पाठवलेले असतात आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरचे म्हणतात प्रार्थना कमी पडतेय, मित्र म्हणतात मग जाऊच नको, मला दोन्ही पटत नाही. म्हणून एका मुलीबद्दल लिहितेय, तिला विचारून, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलून.

तिला अनिता म्हणू. कुटुंब मूळ सावंतवाडीकडचं कॅथलिक, घरात मराठी, गोव्यात येऊन बरीच वर्षं झाली. ती नर्स. वडील गेल्यापासून घराची सगळी सूत्रं हिच्याकडे, आईला डायबेटिस, धाकटा भाऊ कॉलेजात. पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ग्रुपबरोबर तीन आठवडे केनियाला जायचं होतं, किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका गावातल्या मिशनच्या दवाखान्यात आणि शाळेत. पहिल्यांदा आली तेव्हा आईपण बरोबर होती आणि पहिली अर्धी वेळ आईच बोलली. "ही नसली तर आमच्या घरात पान हलत नाही ओ मॅडम." अनिता मान खाली घालून ऐकत होती पण मला त्या चेहऱ्यावर नुसता त्रास नाही दिसला, थोडा अभिमानपण दिसला. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

पुढच्या वेळी ती एकटी आली, हातात एक जाड वही. तयारीची वही. पानामागून पानं सामानाच्या याद्या, बँडेज, ग्लोव्हज, बीपीचं मशीन, ओआरएस, मुलांसाठी रंगखडू, टेडी, केसांच्या क्लिपा, आईने दिलेलं सुकट वेगळ्या डब्यात, प्रत्येक गोष्टीपुढे किलो-ग्रॅममध्ये वजन आणि लाल पेनाने टिक. मी वही शांतपणे शेवटपर्यंत वाचली. माझी पद्धत अशी आहे की माणूस जे घेऊन येतो ते आधी नीट बघायचं, सल्ला कुठे पळून जात नाही.

मग विचारलं, "तिथल्या दवाखान्यात सिस्टर कोण आहे गं?"

"म्हणजे?"

"जी रोज तिथे काम करते ती. तिचं नाव काय?"

तिला माहीत नव्हतं. ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मी वही तिच्यासमोर उघडी ठेवली आणि म्हटलं, "एवढी मोठी तयारी केलीस, पण यात तिथलं एकही माणूस नाहीये बघ." ती बराच वेळ गप्प बसली. हा प्रश्न मी मुद्दाम साधा ठेवला होता, असे प्रश्न सुचायला वर्षं जावी लागतात हे मात्र खरं.

तिला मी एकच काम दिलं, फादरांकडून नंबर घे आणि त्या सिस्टरला विचार की तुम्हाला आमच्याकडून काय हवंय. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे इथे रात्रीचं जेवण आटपलं की तिथे संध्याकाळ, बोलायला सोयीचं. दोघींचं व्हॉट्सॅपवर सुरू झालं.

पुढच्या वेळी आली ती रागावूनच. त्या बाईने स्वच्छ कळवलं होतं की इंजेक्शन, ड्रेसिंग आम्ही करतो, तुम्हाला इथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी नाही त्यामुळे तुम्ही ते करायचं नाही. औषधं परस्पर आणू नका. टेडी नकोत, दोन मुलांना मिळतात आणि बाकीची रडतात. लसीकरणाच्या दिवशी बाळांची वजनं करायला आणि रजिस्टर लिहायला माणूस कमी पडतो, ते कराल तर बरं होईल.

"रजिस्टर लिहायला मी केनियाला जाऊ मॅडम? म्हणजे मी नसले तरी त्यांचं चालणारच आहे!"

"हो, चालणार आहे."

एवढंच बोलले मी. खरं सांगायचं तर अशा वेळी समोरच्याला पटकन धीर द्यायचा मोह होतो, नाही गं तुझी किती गरज आहे वगैरे. तो आवरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग हळूहळू जे बाहेर आलं त्यात केनिया कुठेच नव्हतं. वडील गेल्यापासून ती घरात एक दिवस नुसती बसलेली नव्हती. गॅसचं बुकिंग, आईचं इन्सुलिन, भावाची फी, शेजारच्या आजींचं बीपी. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय म्हणून आपण आहोत, हा हिशेब मनात इतका पक्का बसला होता की जिथे कुणाचं अडत नाही तिथे आपण गेलो तर आपली किंमत काय, या प्रश्नाने तिची झोप उडाली होती. लायक नाही वाटणं आणि माझ्यावाचून अडलंच पाहिजे असं वाटणं, वरून ही दोन टोकं दिसतात पण मुळाशी एकच हट्ट असतो. मी उपयोगी पडावं ही इच्छा सुंदर आहे, तिने माणूस घराबाहेर पडतो, काम करतो. पण मी उपयोगी पडलेच पाहिजे, नाहीतर मी फुकट, हा हट्ट झोप खातो, आणि तिकडच्या माणसांनाही नीट बघू देत नाही. माझ्या कामाचा सगळा पाया या फरकावर आहे, आणि धर्माच्या कामाला निघालेल्या मुलांत तो जास्त जपून दाखवावा लागतो कारण त्यांना वाटतं की हट्ट सोडला म्हणजे श्रद्धाच सुटली.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे इथल्या मेरीमातेच्या, फेस्ताला आम्ही सगळेच जातो तेवढंच, त्यामुळे श्रद्धेतलं उत्तर मी देऊ नये असं मला वाटतं. मी एवढंच विचारलं, "तुमच्यात असं कोणी होऊन गेलंय का, जो सेवा करायला गेला आणि त्याला आधी दुसऱ्यांकडून घ्यावं लागलं?"

थोड्या वेळाने ती म्हणाली, "जोसेफ वाझ."

आपल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ, १६८७ साली मजुराच्या वेषात श्रीलंकेला गेले कारण तिथे डच सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. पोचले तेच आजारी होऊन. बरे झाल्यावर गळ्यात रोझरी, म्हणजे जपमाळ, घालून घरोघर भिक्षा मागत फिरले, म्हणजे कॅथलिक घरं कोणती ते कळावं. कोलंबोला पोप फ्रान्सिसनी २०१५ मध्ये त्यांना संत जाहीर केलं तेव्हा अनिता शाळेत होती, कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात तिने त्यांच्यावर भाषण केलं होतं. ती सांगत होती आणि सांगता सांगता थांबली. "म्हणजे त्यांनी सुरुवात हात पसरून केली." मी काही बोलले नाही. "आणि मी टेडी घेऊन चाललेय." पहिल्यांदाच ती माझ्या खोलीत मोकळी हसली. मग तिने आपण होऊन आणखी एक नाव सांगितलं, कॅथलिक जिला मिशनची संरक्षक मानतात ती फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा, जी पंधराव्या वर्षी मठात गेली आणि १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिथेच वारली, एकाही मिशनवर न जाता. हे मलाही नवीन होतं.

त्यानंतर आमची बरीचशी तयारी केनियाची नव्हतीच, म्हापशातल्या घराची होती. भावाने इन्सुलिन द्यायला शिकायचं. जायच्या आधी एक वीकेंड अनिताने मावशीकडे राहायचं आणि घरी फोन करायचा नाही. त्या वीकेंडला भावाने एकदा डाळ करपवली, बाकी काही झालं नाही. आईला हे जड गेलं, तिच्याशी मी वेगळी बोलले, कारण मुलीला बांधून ठेवणारी भीती अर्धी तिचीही होती.

जाणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टी लक्षात घ्या, कारण अर्धी काळजी अर्धवट माहितीतून येते. केनियाने २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, सुरू केलाय, तो वेळेत काढा. यलो फीवरची लस सरकारने ठरवलेल्या केंद्रांतच मिळते आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, मग आयुष्यभर चालतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, परत येताना इथल्या विमानतळावर ते मागतात आणि नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सरोवराच्या बाजूला मलेरिया भरपूर, गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगितलेत तेवढे दिवस घ्यायच्या, बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.

आणि मुलांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. शाळेत, विशेषतः अनाथाश्रमात, दर थोड्या दिवसांनी नवीन ताई-दादा येतात, कडेवर घेतात, फोटो काढतात आणि जातात. त्या मुलांना जीव लावायचा आणि तुटायचा हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. म्हणून खेळ घ्या, शिकवा, पण रोजच्या सांभाळणाऱ्या बाईच्या हाताखाली राहून, आणि मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. आपल्या मुलांचे कुणी अनोळखी माणसाने टाकले तर आपण काय म्हणू?

पैसे देणाऱ्यांचं ओझं पण बऱ्याच जणांना असतं. लोकांनी एवढे दिले, आता मी काहीतरी मोठं करून दाखवायला हवं. अनिताला मी सांगितलं की त्यांना खर्चाचा साधा हिशेब दे आणि जे केलंस तेच लिही. तिने परत आल्यावर तसंच लिहिलं, लसीकरणाच्या दिवशी बाळांची वजनं केली, रजिस्टर लिहिलं, उगाली, म्हणजे तिथला मक्याच्या पिठाचा पदार्थ, करायला शिकले, एकदा पोट बिघडलं तेव्हा तिथल्या सिस्टरने दोन दिवस सांभाळलं. काकांचा दुबईहून फोन आला, पुढच्या वर्षी पण पाठवतो म्हणून.

परतल्यावर पहिले काही दिवस ती उदास होती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एवढी भाजी, एवढी माणसं बघून तिला रडू यायचं. हे बहुतेकांना होतं, आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं, तेवढ्यात नोकरी सोडण्यासारखा मोठा निर्णय घेऊ नका, झोप आणि भूक महिनाभर बिघडलेलीच राहिली तर मात्र कुणालातरी दाखवा. अनिताचं ओसरलं. आईचं इन्सुलिन अजून भाऊच देतो. तिकडच्या सिस्टरशी तिचं बोलणं चालू आहे, आणि पुढच्या ग्रुपची पहिली मीटिंग झाली तेव्हा सामानाची यादी निघायच्या आधी अनिताने त्यांना त्या सिस्टरचा नंबर दिला, तिला विचारूनच.