फऱ्याचं हाड बाहेर येतंय, पोहणं बंद करू का?

"उजव्या बाजूचं फऱ्याचं हाड बाहेर आलंय, खांदाही दुखतो म्हणते. हाड वाकडं वाढतंय का? पोहणं बंद करू का?" एका आईचा हा प्रश्न. मुलगी तेरा वर्षांची, फ्रीस्टाइल पोहणारी. स्पर्धा जवळ आली म्हणून आठवड्याचे सराव चारावरून सहा झाले आणि त्याच सुमारास हाताला पॅडल्स (पाणी जास्त जोरात ढकलण्यासाठी तळहाताला लावायच्या चपट्या पट्ट्या) लागली. दुखणं तिथूनच सुरू झालं.

हाड सरळच होतं. फरा, म्हणजे खांद्यामागचं पाठीवरचं चपटं हाड, बरगड्यांना सांध्याने जोडलेला नसतो. स्नायू ओढतील तसा तो त्यांच्यावर सरकतो. हात पूर्ण वर जातो त्या १८० अंशांपैकी सुमारे ६० अंश फऱ्याच्या फिरण्यातून येतात. बगलेखालचा सेराटस स्नायू फऱ्याची आतली कड बरगड्यांना चिकटवून धरतो. फ्रीस्टाइलमध्ये या स्नायूला जवळजवळ उसंतच नसते, त्यामुळे दमतोही तोच आधी. तो दमला आणि छातीवरचा पेक्टोरालिस मायनर हा स्नायू आखडलेला असला की फरा पुढे झुकतो आणि हात वर नेताना खांद्यातल्या कंडरांवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर) ताण येतो.

म्हणून तपासणी सरावाआधी आणि सरावानंतर, अशी दोनदा करावी. दोन्ही हातांत एकेक किलोचं वजन, पाच वेळा सावकाश वर-खाली, बघणारा पाठीमागे. नजर हात खाली येतानाच्या टप्प्यावर ठेवायची, खोट तिथे दिसते. सरावाआधी या मुलीची पाठ जवळपास ठीक होती. सरावानंतर मात्र तिसऱ्याच वेळी उजव्या फऱ्याचं खालचं टोक उचललं गेलं. ते टोक हाताने वर-बाहेर ढकलून आधार दिला तेव्हा हात वर नेताना दुखणं कमी झालं. फऱ्यावर काम करून उपयोग होईल, याची ही चांगली खूण.

पोहणं चालू ठेवलं. पॅडल्स आणि बटरफ्लाय बंद, अंतर दोन आठवडे निम्मं. हात पुढे ताणून किकबोर्ड (तरंगती फळी) धरणंही बंद. 'फक्त किक मार' म्हणताना या ताणाचा विसर पडतो. किक उताणं होऊन, हात अंगालगत ठेवून.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. भिंतीला हात टेकून पुश-अप, आणि कोपर सरळ झाल्यावर छाती आणखी थोडी मागे ढकलायची, १२ चे तीन सेट. मुलं नेमका हा शेवटचा ढकल गाळतात किंवा त्याऐवजी कंबर वाकवतात. भिंतीवर जमलं की गुडघ्यांवर. दुसरा, पालथं झोपून हात 'वाय' आकारात उचलायचे, अंगठे छताकडे. खांदे कानाकडे चढले तर तो सेट तिथेच थांबवायचा. हे सगळं सरावाच्या तोंडावर नको, दमलेला स्नायू घेऊन पाण्यात उतरावं लागतं.

प्रशिक्षकांशी बोलल्यावर आणखी एक गोष्ट कळली: तिचा हात अंगठ्याकडून आणि डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे पाण्यात शिरत होता. आता बोटांची टोकं आधी, खांद्याच्या रेषेत, आणि श्वास दर तिसऱ्या हाताला.

सहा आठवड्यांनी पाण्यातलं दुखणं थांबलं, पॅडल्स मात्र त्यानंतर सर्वांत शेवटी. आईचा पुढचा प्रश्न: "कडक सरावानंतर फरा अजून थोडा उचलतो, त्याचं काय?" दुखत नसेल तर काही नाही; न दुखणाऱ्या जलतरणपटूंतही हे सर्रास दिसतं. पण रात्री झोपमोड करणारं दुखणं, हाताला मुंग्या, खांदा निसटल्यासारखा वाटणं, किंवा दमलेलं नसतानाही फरा कायम ठळक बाहेर दिसणं, यांपैकी काही असेल तर व्यायाम थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. शेवटच्या लक्षणामागे सेराटसला जाणाऱ्या नसेची इजा असू शकते.