२०२४ च्या सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) १९ वर्षांखालील महिला फुटबॉल स्पर्धेत भारत आणि बांगलादेश संयुक्त विजेते कसे ठरले?

ढाक्यातला अंतिम सामना, ८ फेब्रुवारी. भारताने आठव्याच मिनिटाला आघाडी घेतली, पण बांगलादेशने भरपाई वेळेत बरोबरी साधली. पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षकांसह सगळ्या बावीस जणींनी गोल केले, ११-११! नियमाप्रमाणे खेळाडूंची दुसरी फेरी सुरू व्हायला हवी होती. सामना आयुक्तांनी मात्र नाणेफेक करायला लावली. ती भारताने जिंकली, मुली जल्लोष करू लागल्या. बांगलादेशने आक्षेप घेतला, प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. मग निर्णय फिरवला, पण भारतीय संघ पुन्हा खेळायला उतरला नाही. बराच वेळ ताटकळल्यावर विजेतेपद दोघांना विभागून दिलं. माझ्या मते चूक आयुक्तांचीच, दोन्ही संघांतल्या मुली अप्रतिम खेळल्या.