समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. बोअर मारावी की आरओ बसवावा?

बोअर तर नकोच. किनाऱ्यावर गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी. उपशाने पातळी अर्धा मीटर उतरली, तर खारं पाणी हळूहळू २० मीटर वर चढू शकतं. गुहागर असो की मालवण, खोल बोअर आणि मोठा पंप म्हणजे खाऱ्या पाण्याला आवतण. उथळ विहीर, लहान पंप, थोडाथोडा उपसा आणि वाडीला ठिबक, हे बरं.

पागोळ्यांचं पाणी गाळून जरूर जिरवा. १०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पावसात ३ लाख लिटर पडतं. पण इथला जांभा दगड सच्छिद्र, त्यातलं बरंचसं उन्हाळ्याआधीच समुद्राला मिळतं. म्हणून पाऊस सरल्यावर पऱ्ह्यावर (लहान ओढ्यावर) गोणपाटांचा वनराई बंधारा घालणं मला जास्त कामाचं वाटतं.

उकळून क्षार जात नाहीत, जंतू मरतात. आधी तपासणी करा: एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओ कशाला? दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. आरओ घेतलाच तर फक्त पिण्यापुरता, आणि त्याचं टाकाऊ पाणी परत विहिरीत सोडू नका (सोडतात लोक!). शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवा.