लाकडावर काढलेली वारली पुसली का जाते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरीच कापून-घासून लाकडाचे कोस्टर आणि किल्ल्या अडकवायची पाटी केली, गेरू लावला, पांढऱ्या पोस्टर कलरनं वारली काढली. आता गेरू बोटाला लागतो आणि व्हार्निश मारलं की पांढरी रेष फिसकटते. काय चुकतंय? आणि लोकचित्र म्हणजे वारलीच काढायची का?

हात तुमचा चुकत नाही. गेरूचा स्वभावच तसा आहे.

मी सोलापूरची. आमच्याकडे तुळशीच्या कट्ट्याला सणासुदीला गेरू लावतात आणि पुढच्या सणाला पुन्हा लावतात. पुन्हा का, तर तो राहत नाही म्हणून. गेरू म्हणजे लोहाचा अंश असलेली लाल माती. पाण्यात कालवून लावली, पाणी उडालं की मागं उरते नुसती माती. तिला धरून ठेवणारं त्यात काहीच नसतं.

वारली आदिवासींच्या घरात ही अडचण नव्हतीच. कुडाची भिंत, तिच्यावर शेणामातीचं सारवण आणि गेरू, तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, काढायच्या, त्यात लग्नाची देवी पालघाट. लग्न पार पडलं की चित्राचं काम झालं. पुढं कधीतरी भिंत सारवली की चित्र गेलं, त्याचं कुणाला दुःख नाही. त्या रंगानं दहा वर्षं टिकावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. तुमची किल्ल्यांची पाटी मात्र दिवसातून वीस वेळा हातात येणार.

म्हणून रंग बदला, रेषेची रीत बदलू नका. यात पाप वगैरे काही नाही. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या वारल्यांच्या हातात कागद दिला, तिथूनच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे जगाला माहीत झाले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. त्यांची कितीतरी चित्रं कॅनव्हासवर आहेत, खाली शेणाचं सारवण आणि वर पांढरा रंग अॅक्रिलिकचा. बायकांनी भिंतीवर काढायची चित्रं एका पुरुषानं कॅनव्हासवर काढली, तेव्हा लाकडावर तुम्ही काढलीत तर काय बिघडलं?

आता कामाचं सांगते.

लाकूड आधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं आणि मग 220 नं घासा, तेही रेषांच्या दिशेनंच. मग ओल्या फडक्याचा एक हात फिरवा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, बोटाला खरखरीत लागतं. ते पुन्हा 220 नं हलकेच उतरवा. ही पायरी मी दोन वर्षं गाळत होते आणि रेष चिरकते म्हणून ब्रशला शिव्या घालत होते. पाइनच्या खोक्याच्या फळ्या वापरत असाल तर गाठींवर चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात द्या, नाहीतर आतला डिंक काही महिन्यांनी रंगातून पिवळा वर येतो. सुताराकडून आणलेले सागवानाचे तुकडे तेलकट असतात, ते थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

गेरू आवडतो ना, मग तोच वापरा. पण कापडातून वस्त्रगाळ करून घ्या. चार चमचे पाण्यात एक चमचा फेविकॉल विरघळवायचा आणि त्यात गेरू ताकापेक्षा थोडा घट्ट कालवायचा. दोन पातळ हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर पांढऱ्या रुमालानं चोळून बघा. रुमाल लाल झाला तर फेविकॉल कमी पडलाय.

पांढऱ्यासाठी पोस्टर कलर नको. तो वाळला तरी पाणी लागलं की पुन्हा सुटतो, आणि तुमचं व्हार्निश पाण्याचं असेल तर ब्रश फिरवताच तेच होतं. तुमची रेष फिसकटते ती यामुळं. अॅक्रिलिकचा पांढरा घ्या, तो एकदा वाळला की पाण्यानं हलत नाही. तेलाच्या व्हार्निशनं पोस्टर कलरही जागचा हलणार नाही, पण वर्षभरात पांढरं पिवळसर दिसायला लागतं. मी पाण्याचं मॅट व्हार्निश वापरते. चित्र काढून एक दिवस थांबायचं आणि मग दोन पातळ हात.

सोलापूरकरांसाठी एक जादा सूचना: मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. त्रेचाळीस अंशांत अॅक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतो, नर्तकाचा पाय गुडघ्यापाशीच संपतो. मी सकाळी सहाला बसते, पंखा बंद.

कोस्टरबद्दल वेगळं बोलायला हवं. अॅक्रिलिक उष्णतेनं मऊ पडतो. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवला की बुडाला चिकटतो आणि उचलताना देवीचं डोकं घेऊन जातो. माझ्याकडे पाहुण्यांसमोर हे घडलंय. तेव्हापासून कोस्टरच्या मधे काही काढत नाही, फक्त काठावर एक साखळी. मधल्या गोलाला नुसतं पॉलिश.

काय काढावं हे वस्तूला विचारा. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच गुंडाळत जाणारा असतो, तो गोल झाकणावर शोभतो. लांब पाटीवर कोंबलात तर माणसं चेंगराचेंगरीत सापडल्यासारखी दिसतात. तिथं वरात काढा, बैलगाडी काढा.

हे मला एका धोट्यानं शिकवलं. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा. आमच्याकडे पॉवरलूम बंद पडले की लाकडी धोटे भंगारात किलोवर येतात. हातभर लांब, होडीसारखे, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे धाग्याची कांडी बसायची खाच. माझे वडील लूमवर होते, त्यामुळं एक धोटा बघितला आणि चार घेऊन आले. पहिल्यावर हौसेनं गेरू दिला, संसार थाटावा तसं सगळं गाव काढलं. आठव्या दिवशी रंग पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. कारण उघड होतं: वर्षानुवर्षं लूमचं तेल पिऊन ते लाकूड तृप्त झालेलं. पुढचे धोटे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासले, आठ दिवस सावलीत वाळवले, थिनरनं पुसले, चपडा दिला आणि मग रंग. आता टिकलाय. पण गाव नाही काढलं. खाचेच्या कडेनं एका रांगेत दहा माणसं, बस्स.

ती दहा माणसं कोण, तर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, धरणारे. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, धरणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. गेरूवर पांढरी माणसं, वारलीला आणखी काय हवं? शिवाय तेही लग्नच: अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक झाला की दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक लग्न. वारल्यांचा चौक लग्नाचा, आमची यात्राही लग्नाची. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून अंग, वर गोल डोकं, हातात उंच काठी. डोळे-नाक काढायचा मोह आवरा, तिथं वारली संपते आणि कार्टून सुरू होतं.

वारलीच काढावी का? नाही. आमच्या शेजारच्या अक्का पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, घरात तेलुगू. त्यांच्याकडून मला चेरियालची चित्रं कळली, तेलंगणातली. लांब कापडी पट, त्यावर कथेकरी एकेका जातीला तिचं पुराण सांगत. पद्मशालींना मार्कंडेयाचं आणि भावनाऋषीचं, म्हणजे पहिल्या विणकराचं. नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो तो हाच मार्कंडेय. चेरियालमध्ये कापडाला पांढरी माती, चिंचोक्याची खळ आणि डिंक यांचे हात देतात, आणि मुखवटे-बाहुल्यांनाही चिंचोका लागतोच. मी चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून खळ केली, खडूची पूड घालून लाकडाला लावली. पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की ब्रश आपोआप धावतो. चेरियालमध्ये चित्राची जमीन, म्हणजे मागचा भाग, लालभडक, रंग सपाट, आणि काळी बाह्यरेषा सगळ्यात शेवटी. नवशिक्याला वारलीपेक्षा हे जड जातं, कारण चेहरे असतात. पण डबीच्या झाकणावर एकच चेहरा जमला तरी डबी उजळते.

गोल वस्तूंसाठी सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, बघा. दशावतारी संचात 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा. एवढ्याशा गोलात देव कसा बसवायचा याची ती शाळाच आहे.

विकण्याबद्दल: वारलीला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे नाव मूळ प्रदेशाशी जोडणारी सरकारी नोंद, मिळालंय. म्हणून मी पिशवीवर 'वारली' एवढंच छापत नाही, 'वारली पद्धतीनं, सोलापुरात काढलेलं' असं लिहिते. एका दुकानदारानं मला "आदिवासी महिलांनी बनवलेलं" असं लेबल लावायला सांगितलं होतं, तसं खपतं म्हणे. माल परत घेऊन आले. भावाचं म्हणाल तर हाताला लागलेले तास लिहून ठेवा. किल्ल्यांच्या पाटीला मला साडेतीन तास लागतात, त्यातला चित्राचा एक. गिऱ्हाईक तो एकच बघतं आणि "एवढ्याशा पाटीला एवढे?" म्हणतं. मग मी त्याच्या हातात न घासलेला तुकडा देते आणि बोट फिरवायला सांगते. निम्मे घेतात, निम्मे तरीही घासाघीस करतात.

तुमची पाटी फेकू नका. ओल्या स्पंजनं सगळं पुसून काढा, पॉलिश पेपर मारा, आणि फेविकॉलवाल्या गेरूपासून पुन्हा सुरू करा. वर व्हार्निश बसलं असेल तर आधी तेवढं खरवडून काढावं लागेल, त्याला मात्र इलाज नाही.