समई प्लास्टिकची का दिसते? पितळ, चिरे आणि रफनेस

तुमचा प्रश्न वाचला आणि सोबतची दोन्ही रेंडर (संगणकाने काढलेली तयार चित्रं) मोठी करून पाहिली. फोंड्याला छपाईच्या दुकानात डिझाइनचं काम करता, फोटोशॉपवर हात बसलाय, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर नव्याने शिकताय. चवथीच्या बॅनरसाठी चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीपुढे पितळेची समई केलीत, पण दोन्ही वस्तू प्लास्टिकच्या वाटतात. म्हणून ८के टेक्श्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या फार मोठ्या चित्रांचा पॅक विकत घ्यावा की टेक्श्चर रंगवायचं सबस्टन्स पेंटर शिकावं, असं विचारताय.

सध्या दोन्ही नको. तुमच्या चित्रात टेक्श्चर कमी पडलेलं नाही. समईत उमटायला आजूबाजूला काहीच ठेवलेलं नाही, आणि भिंतीवरचे डाग ज्या जागी आहेत त्या जागी ते का आले असावेत याचा पत्ता लागत नाही. पॅक घेतलात तर याच दोन अडचणी जास्त बारकाईने दिसतील, एवढंच.

आधी समई. स्क्रीनशॉटमध्ये मेटॅलिकची, म्हणजे वस्तू धातूची आहे की नाही हे सांगणाऱ्या स्लायडरची किंमत ०.५ दिसते. असा पदार्थच जगात नाही. लाकूड, दगड, प्लास्टिक यांच्यावर समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के तसाच परत फिरतो, बाकीचा आत शिरतो आणि त्यातला काही त्या वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. धातूत हा आत जाऊन बाहेर येण्याचा प्रकार नसतो. पितळेवर जे दिसतं ते सगळं प्रतिबिंब, पितळेची पिवळी झाक चढलेलं. म्हणून मेटॅलिक एक तर ० किंवा १. मधल्या किमती फक्त धूळ किंवा गंज जिथे धातूला भिडतो त्या कडेपुरत्या. आणि मेटॅलिक १ केल्यावर बेस कलर, म्हणजे वस्तूचा मूळ रंग, बराच उजळ ठेवा. तुम्ही डोळ्यांना दिसतो तसा तपकिरी-सोनेरी निवडलाय. तो तपकिरीपणा समईत पडलेल्या अंधाऱ्या खोलीच्या प्रतिबिंबाचा असतो, तो रंगात मिसळायचा नाही.

ही मांडणी २०१२ साली डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी सिग्राफ या संगणक-चित्रांच्या परिषदेत मांडली आणि मग सगळीकडे पसरली. ब्लेंडरमध्ये तिच्यावर बेतलेला प्रिन्सिपल्ड शेडर, म्हणजे तुम्ही वापरताय तो मटेरियलचा नोड, २.७९ आवृत्तीत, २०१७ साली आला. एकदा हे समजलं की अनरिअल हे गेम इंजिन, सबस्टन्स कुठेही गेलात तरी नावं आणि वागणूक जवळपास तीच.

आता प्रतिबिंबच सगळं असेल तर ते कशाचं? तुमच्या सीनमध्ये करडी पार्श्वभूमी आणि वर एक दिवा. मग समईत करडं सोडून दुसरं काय उमटणार? तिच्याभोवती खोली उभी करा. कॅमेऱ्यात दिसली नाही तरी चालेल. एका बाजूला खिडकीच्या आकाराचा मोठा एरिया लाइट, दुसऱ्या बाजूला काळोखं दार, खाली गुळगुळीत तांबडी कोब्याची जमीन. भांड्यांचे फोटो काढणारे फोटोग्राफर चकचकीत वस्तूच्या दोन्ही अंगांना काळे पुठ्ठे उभे करतात, त्याने कडांना गडद रेघ मिळते आणि गोलाई उठून येते. तीच युक्ती ब्लेंडरमध्ये काळ्या प्लेननी करता येते. पॉली हेवन या साइटवर मोफत एचडीआरआय, म्हणजे सीनभोवती लावायचे खऱ्या जागांचे चौफेर फोटो मिळतात, तेही लावून बघा. पण उघड्या मैदानाचं आकाश देवघरातल्या समईत उमटलं तर ते खटकतंच, म्हणून बंद खोलीचं निवडा.

यानंतरचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, तो म्हणजे रफनेस, पृष्ठभाग किती खरबरीत ते सांगणारा आकडा. तुमच्याकडे सगळ्या समईला ०.२ आहे, वरच्या हंसापासून खालच्या बैठकीपर्यंत. घरातली वापरातली समई उजेडात आणा आणि रंगाकडे दुर्लक्ष करून फक्त चमक बघा. उचलताना हात जिथे पडतो तो मधला दांडा गुळगुळीत झालेला. नक्षीचे उंचवटे चिंचेने घासून लखलखीत, पण खाचांत चिंचेचा नाहीतर रांगोळीचा सुकलेला पांढुरका थर, तिथे चमक नाहीच. वातीच्या चोचीवर काजळी, मऊ काळी, अजिबात न चमकणारी. चोचीखालून तेलाचा ओघळ निघून वाटीच्या बुडाशी थांबलेला, तिथे सगळ्यात जास्त चमक, आणि त्याला चिकटलेली धूळ ओघळाच्या कडेलाच जमलेली. बैठकीवर कातताना उमटलेल्या बारीक गोल रेघा, त्यामुळे दिव्याची चमक ठिपक्यासारखी न पडता पट्ट्यासारखी फाकते. त्यासाठी ॲनिसोट्रॉपिकचा स्लायडर आहे.

बघा, यात रंगाचे फरक मोजकेच, चमकेचे मात्र कितीतरी. म्हणून तुम्हाला सांगेन, या समईला कलर मॅप करूच नका. एक सपाट पितळी रंग ठेवा आणि फक्त रफनेसचा काळा-पांढरा मॅप हाताने रंगवा. क्रिता हे मोफत चित्रकलेचं सॉफ्टवेअरही चालेल, ब्लेंडरचं टेक्श्चर पेंटही. काळं म्हणजे चकचकीत, पांढरं म्हणजे खरबरीत. खाचा शोधायला ॲम्बियंट ऑक्लुजन नोड वापरा, ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये काम करत असाल तर उंचवट्यांसाठी पॉइंटिनेस. तेलाचा ओघळ मात्र हातानेच काढा, कारण तेल कुठून निघालं हे नोडला ठाऊक नसतं. काजळीच्या जागी मेटॅलिक ० आणि रंग जवळजवळ काळा.

दोन छोट्या गोष्टी इथेच उरकतो. रफनेस, मेटॅलिक, नॉर्मल (उंचसखलपणाचा भास देणारा) या मॅपची कलर स्पेस नॉन-कलर ठेवा. तुमच्या नोडमध्ये ती एसआरजीबी राहिली आहे, त्याने आकडेच बदलतात. आणि वाटीच्या काठाला बेव्हेल द्या, म्हणजे कड थोडी गोल करा, अर्धा मिलिमीटर पुरे. प्रत्यक्षातली कड सुरीच्या धारेइतकी टोकदार सहसा नसते, ती थोडी गोल असते आणि त्या गोलाईवरच प्रकाशाची बारीक रेघ पडते. मॉडेल खऱ्या मापात असेल तरच या अर्ध्या मिलिमीटरला अर्थ, तेव्हा समई दोन फुटांची असेल तर दोन फुटांचीच करा.

भिंतीकडे येऊ. चिरा आपल्या डोळ्यांसमोर रोज आहे, म्हणून त्याचं बाहेरचं टेक्श्चर विकत घेणं मला पटत नाही. इंटरनेटवरचे लाल दगड बहुतेक भाजलेल्या विटांच्या जवळचे, त्यांना आपल्या चिऱ्याची भोकं नसतात. जांभ्यात लोहाचं प्रमाण खूप, त्यामुळे तांबडा-तपकिरी रंग येतो. पण भोकांत पिवळसर, क्वचित पांढरट मातीही असते आणि मधूनच जांभळट काळपट गाठी. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होतो, जुनं उघडं अंग काळवंडतं. तुमच्या भिंतीत सगळे चिरे एकाच विटकरी रंगाचे आणि एकाच वयाचे वाटतात.

फोटो तुम्हीच काढा, आणि ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर गोव्याचं आभाळ म्हणजे फुकटातला सॉफ्टबॉक्स. कडक उन्हात काढलेल्या फोटोत भोकांच्या सावल्या कायमच्या बसतात, मग सीनमध्ये दिवा डावीकडून लावलात तरी भिंतीवरच्या सावल्या उजवीकडचंच ऊन दाखवत राहतात. तुमच्या रेंडरमध्ये नेमकं हेच झालंय. फक्त भिंत कोरडी हवी. ओला चिरा गडद दिसतो आणि चमकतो, तो रंग कोरड्या भिंतीला लावला तर पुढची सगळी गणितं बिघडतात. म्हणून जुन्या घराचा बाल्कांव (दारापुढची छपराखालची बैठक) किंवा देवळाच्या सभामंडपाची बाहेरची भिंत बघा, जिथे वर छप्पर आहे आणि पावसाची झड पोचत नाही. घरमालकाला, देवळाच्या समितीला विचारून घ्या. कॅमेरा भिंतीला काटकोनात धरा, थोडं मागे जाऊन झूम करा, एक्स्पोजर लॉक करा. एका फोटोत चिऱ्याला मोजपट्टी लावून ठेवा, माप तिथूनच मिळेल. ऑफसेट फिल्टरने कडा मध्ये आणून सांधे बुजवणं तुम्हाला फोटोशॉपमध्ये येतच असणार. क्रितात डब्ल्यू दाबलं की रॅप-अराउंड मोड सुरू होतो, सांधे बघत बघतच रंगवता येतं.

चिऱ्याचा रफनेस ०.८५ च्या वर ठेवा. नॉर्मल मॅपची स्ट्रेंग्थ तुम्ही इतकी वाढवली आहे की दगड रबरासारखा फुगलाय, ती १ वर आणा. भोकं खोल वाटत नसतील तर जवळच्या भागाला डिस्प्लेसमेंट द्या, त्याने पृष्ठभाग खरोखर आत-बाहेर सरकतो. तयार नॉर्मल मॅप वापरताना तो ओपनजीएल पद्धतीचा आहे ना ते बघा, ब्लेंडरला तोच लागतो. डायरेक्टएक्सचा असेल तर हिरवा चॅनल उलटा करावा लागतो, नाहीतर भोकांच्या जागी पुटकुळ्या येतात.

डागांचं आता सांगतो. तुम्ही नॉइज टेक्श्चर, म्हणजे संगणकाने बनवलेला अनियमित ठिपक्यांचा नमुना घेऊन सगळ्या भिंतीवर सारखी काळपट झाक दिलीत. संगणकाची चित्रं फार यांत्रिक दिसतात म्हणून केन पर्लिन यांनी ही नॉइजची पद्धत शोधली, १९८५ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला आणि १९९७ साली त्यांना त्याबद्दल ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. साधन जबरदस्त आहे, पण ते फक्त अनियमितपणा देतं. डाग कुठे पडावा हे पाणी ठरवतं. पागोळी जमिनीवर आपटून उडालेला तांबडा चिखल भिंतीच्या तळाला फूट-दीड फूट चढतो आणि वर जाताना विरत जातो. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन टोकांखाली काळे ओघळ उतरतात. शेवाळ आधी धरतं ते कठड्याच्या माथ्यावर आणि दरजेच्या त्या काठावर जिथे पाणी टेकतं. आभाळाकडे तोंड असलेला पृष्ठभाग निवडायला नॉर्मलचा (पृष्ठभागाच्या दिशेचा) झेड अक्ष, चिखलाच्या पट्ट्याला पोझिशनचा झेड, म्हणजे उंची, आणि मग त्यांची कड मोडायला नॉइज. या क्रमाने गेलात तर तोच नॉइज नोड वेगळाच निकाल देईल.

८के बद्दल एक हिशेब मांडतो. ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका मॅपला २५६ एमबी. पाच मॅप घेतले की सव्वा जीबी मेमरी एकाच भिंतीत गेली. २के मध्ये हाच मॅप १६ एमबीचा. अंतिम चित्रात तुमची समई दीड हजार पिक्सेल उंच आहे, तिला २के भरपूर होतं. मागची भिंत तर तुम्ही फोकसबाहेर ठेवली आहे. कॅमेरा दगडाला नाक लावेल तेव्हा मोठ्या मॅपचं बघू.

सरावासाठी पुढची वस्तू म्हणून कावी घ्याच. आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची ही कला म्हणजे तयार धडा आहे. खाली पांढरा चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या मातीचा थर, तो ओला असताना अणकुचीदार हत्याराने नक्षी खरवडून पांढरं उघडं करायचं. तांबडा थर घोटून गुळगुळीत केलेला, खरवडलेली जागा जरा खाली आणि खरबरीत. म्हणजे नक्षीचं एकच काळं-पांढरं चित्र (मास्क) काढलंत की रंग, उंची आणि रफनेस तिन्ही त्याच्यावरून निघतात. तुमचं रेखाटन चांगलं आहे, एका रविवारात होईल. आणि असं काम तयार पॅकमध्ये मिळणार नाही, आपल्याकडचं कोणीतरी करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

सबस्टन्स पेंटर वाईट नाही, स्टुडिओत नोकरी करायची असेल तर कधीतरी लागेलच. पण त्यातले तयार स्मार्ट मटेरियल सगळ्या खाचांत एकसारखी घाण भरतात, आणि समईची खाच कशी मळते हे तुम्ही एकदा हाताने रंगवलं असेल तरच ते बदलायचं सुचेल. तोवर क्रिता आणि ब्लेंडर पुरे. नोडवरून टेक्श्चर बनवायची आवड लागली तर मटेरियल मेकर मोफत आहे.

नवीन रेंडर टाकाल तेव्हा समईचा रफनेस मॅप वेगळा जोडा, आणि सगळ्या वस्तूंना एकच करडं मटेरियल देऊन काढलेलं एक रेंडरही. करड्यात समई चांगली दिसत नसेल तर दोष मॉडेल किंवा प्रकाशाचा, आणि तिथपर्यंत टेक्श्चरला हात लावायचा नाही.