हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न: सिन्नर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या गोंदे इंटरचेंजजवळ आमची वडिलोपार्जित पावणेचार एकर जमीन आहे. वडील २०११ साली वारले. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं आहेत. शेजारच्या गटांसह ही जमीन शेती विभागातून काढून बिझनेस पार्कसाठी वाणिज्य विभागात टाकण्याची सूचना निघाली आहे. गावात यावरून दोन तट पडले आहेत. भावाने एजंटकडून विसार घेतला आणि आता मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगतो आहे. एजंट म्हणतो, ‘झोन बदलला की जमीन तशीही जाणारच.’ लग्नानंतर मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते. माझ्या ‘नाही’ला काही अर्थ आहे का?

उत्तर: ताई, आहे. आणि एजंटचं ते वाक्य खोटं आहे, हे आधी मनातून काढून टाका. झोन बदलल्याने कुणाची मालकी जात नाही. प्रादेशिक योजनेत त्या जमिनीचा वापर काय करता येईल, एवढंच बदलतं. बदल मंजूर झाल्यावरही तुम्ही तिथे कांदा लावू शकता. जमीन घ्यायची तर एक तर तुम्ही ती विकली पाहिजे, नाही तर सरकारने रीतसर संपादन केलं पाहिजे. एमआयडीसीने १९६१ च्या कायद्याखाली संपादन करायचं ठरवलं, तर मालकाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. खाजगी कंपनीसाठी २०१३ च्या कायद्याने संपादन करायचं तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची संमती लागते. तुमच्या कागदांत यातलं काहीच नाही. आहे ती फक्त महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २० खालची हरकती मागवणारी सूचना.

तुम्ही पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मी दोनदा वाचला. पहिल्या पानावर ‘कोणत्याही दडपणाशिवाय, स्वखुशीने’ असं छापलंय आणि तिसऱ्या पानावर रकमेची जागा कोरी आहे. असा कागद घेऊन दुय्यम निबंधकाकडे जाऊ नका. नोंदणी झाली की तो हिस्सा तुमचा राहत नाही, आणि पुढे ‘मला नीट सांगितलं नव्हतं’ हे सिद्ध करायला दिवाणी कोर्टात वर्षं जातात. माझ्याकडे येणाऱ्या बहिणी बहुतेक वेळा सही झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, याचं मला खरंच बरं वाटलं.

तुमच्या हक्काबद्दल शंका नको. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे. तो जन्मापासूनच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. लग्न होऊन पाथर्डी फाट्याला गेलात म्हणून तो कमी होत नाही. भावाला स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येईल, तुमचा नाही. घेणाऱ्यालाही रस्त्याकडेचा तुकडा बोट दाखवून उचलता येणार नाही, आधी वाटप करून घ्यावं लागेल. म्हणूनच तर तुमच्या सहीची एवढी घाई चालली आहे. भावाला आणि घेणाऱ्याला स्पीड पोस्टाने एक साधं पत्र पाठवा: माझा हिस्सा मी सोडलेला नाही, विसार पावतीला माझी संमती नाही. त्याची प्रत तलाठ्याकडे द्या. उद्या फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला १५ दिवस मिळतात, ते हातचे जाऊ देऊ नका.

आता गावाचा वाद. पोरांना सिन्नरला किंवा सातपूरला न जाता गावाजवळ काम हवंय. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पाण्याची काळजी असणाऱ्यांचंही चूक नाही. समृद्धीच्या मोजणीच्या वेळी शिवडे गावाने केलेला विरोध तुमच्या तालुक्याने पाहिला आहे, त्यामुळे ग्रामसभेत आवाज चढणारच. पण ग्रामसभेत कितीही बोललात तरी नगररचनाच्या फायलीत ते आपोआप जात नाही. तिथे तुमच्या नावाचा लेखी अर्जच लागतो. शेवटी जनसुनावणी होईल तेव्हा बोलू, असं तुमच्या काकांनी म्हटल्याचं लिहिलंय. त्यांना सांगा, थांबू नका. २०,००० चौरस मीटरपासूनच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारतींच्या प्रकल्पांना त्यासाठी जनसुनावणीची अट नसते. हरकतीची मुदत हीच तुमची वेळ आहे.

अर्जात ‘शेतकऱ्यांवर अन्याय’ अशी मोठी वाक्यं नकोत, गट नंबर लिहा. देवनदीच्या वळणबंधाऱ्यावरून येणारा पाट तुमच्या उत्तरेच्या बांधाने पुढच्या चार शेतांना जातो, असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. ताई, तुमची सगळ्यात वजनदार हरकत तीच आहे. भराव पडला तर त्या पाटाचं काय, बैलगाडीची वहिवाट कुठून जाणार, सांडपाणी कुठे सोडणार, बोअर किती मारणार, हे एकेक विचारा. पाटाचा फोटो, सातबारा आणि गट नकाशा जोडा. त्या चार शेतांच्या मालकांनाही आपापला वेगळा अर्ज द्यायला सांगा. एकाच कागदावर शंभर सह्या घेतल्या की त्याची एकच हरकत म्हणून नोंद होण्याचा धोका असतो.

प्रकल्पाला तुमचा मुळात विरोध नसेल, फक्त पाट आणि रस्ता राहावा एवढंच हवं असेल, तरी अर्ज कराच. हरकतीसारखीच सुधारणाही सुचवता येते, आणि मंजुरीत अटी घालता येतात. उद्या कुणी परस्पर पाट बुजवला किंवा वाट अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावा, त्यानंतर तो दरवाजा बंद.

भावाशी बोलणं मात्र तोडू नका. त्याने विसार का घेतला, डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे का, हे आईसमोर बसून विचारा. विकायचंच ठरलं तर तिघांनी मिळून, एकाच खरेदीखताने, प्रत्येकाची रक्कम प्रत्येकाच्या खात्यात, असं विका. कुलमुखत्यारपत्र एजंटच्या नावे कोणीही करायचं नाही, आईनेसुद्धा नाही. तिचा अंगठा घ्यायला कुणी घरी आलं तर मला त्याच दिवशी कळवा.

तुम्ही पाठवलेल्या सूचनेच्या कात्रणावरची तारीख पाहता हरकतीच्या ३० दिवसांतले अकरा गेले आहेत. सूचनेत ज्या अधिकाऱ्याचं नाव दिलंय, त्या कार्यालयात येत्या सोमवारी स्वतः जा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.